मधवाली बाई माझ्या ओळखीची आहे

प्रेअरी फॉर्क, आयोवा
२८ मे १९९७

मावशी,

पीचच्या मुरंब्याची बाटली न फुटता पोचली. फोनच करणार होते, पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "आवाज नीट कर, डेल्फीन" म्हणतेस आणि आज मला आवाज नीट करायचा नाही. म्हणून पत्र.

काल आमच्या विद्यापीठाच्या पोलिसाने मला पकडलं. बेड्या घातल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या भाषेत ती नुसती विचारपूस. विद्यापीठाला स्वतःचे पोलीस आहेत हे तुला पटत नव्हतं ना? आहेत. खरी पिस्तुलं, खऱ्या गाड्या, आणि काम काय, तर सायकली कुठे लावू नयेत ते सांगणं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा यांना अधूनमधून गुन्हेगार शोधावासा वाटतो.

दुपारी मी विद्यापीठाच्या शेतावर माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांचं काम संपवलं. उकाडा असा की डगला, जाळीची टोपी, कोपरापर्यंतचे हातमोजे, सगळं काढून गाडीत फेकलं आणि ओकच्या सावलीत सँडविच खात बसले. हॅफनर नावाचा पोलीस आला.

"इथे काय चाललंय?"

"जेवण."

"ते दिसतंय. पण इथे का?"

"या पेट्या माझ्या आहेत."

तो हसला. मग त्याने मला हात डोक्यामागे घेऊन गवतात गुडघ्यांवर बसवलं. ओळखपत्र गाडीत आहे म्हटलं तर मला उठू देईना. शेवटी स्वतः आणलं आणि खोट्या नोटेसारखं उन्हात धरून पाहिलं. तेवढा वेळ माझ्या मानेवर एक माशी फिरत होती. तिने डंख मारला नाही. तिला माहीत होतं मी कोण ते.

ओळखपत्र खरं निघालं याचा त्याला जास्त राग आला असावा. "समाधानकारक खुलासा केला नाही, वर्तन आक्रमक होतं" असं लिहून त्याने माझ्या हातात हुकूम ठेवला: चौकशी होईपर्यंत शेतावर पाऊल टाकायचं नाही. आमचे प्राध्यापक स्टूर कॉफीचा कप ढवळत म्हणाले, "प्रक्रिया पूर्ण होऊ दे." मावशी, पोळ्याच्या दारावरची पहारेकरी माशी आपलं-परकं कसं ओळखते, हा माझा प्रबंध. माश्या उन्हाळ्यातच बाहेर असतात, प्रक्रियेसाठी थांबत नाहीत. हा उन्हाळा गेला की शिष्यवृत्ती गेली, आणि तुझी "डॉक्टर" हात हलवत घरी.

मी तक्रार करणार आहे. तुला आधी सांगितलं, एवढंच.

डेल्फीन

•

बेथेल क्रॉसिंग, अलाबामा
५ जून १९९७

डेल्फीन,

तक्रार कोणाकडे करणार? पोलिसांची पोलिसांकडेच ना? चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि तू त्यालाच जाऊन विचारणार, बाबा रे, आतलं काही कमी झालंय का?

मी त्या गोऱ्या लोकांना तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. ते तुझी तक्रार ऐकतील, पाणी विचारतील, खुर्ची देतील. आणि तू बाहेर पडलीस की तुझ्या नावापुढे खूण करतील: ही भांडकुदळ. पुढची सगळी वर्षं ती खूण तुझ्याबरोबर चालेल. तू तिथे पदवी आणायला गेलीस, त्यांना सुधारायला नाही. त्यांना सुधारायला येशूला पाठवलं होतं, त्याचं काय केलं ते तू वाचलं आहेस.

इथे चर्चमध्ये मी सगळ्यांना सांगून बसले आहे. बर्निस दर रविवारी टोमणा मारते, "तुझी डॉक्टरीण माश्यांनाच औषध देणार ना गं?" तिच्या तोंडावर मला तुझी पदवी ठेवायची आहे. तोंड बंद ठेव, मान खाली घाल, काम उरक आणि ये.

आणि एक सांग. हॅफनर हे नाव मी आधी ऐकलंय. गेटवरचा भला पोलीस, आईच्या सांधेदुखीसाठी मध मागतो, म्हणून तू माझ्या मुरंब्याच्या बाटल्या ज्याला मधाने भरून देत होतीस, तोच ना? मग त्याने तुला ओळखलं कसं नाही?

व्हर्लीन मावशी

•

प्रेअरी फॉर्क
१७ जून १९९७

मावशी,

हो, तोच. मागच्या पत्रात लिहायची लाज वाटली.

पेट्या गेटच्या आत लगेचच आहेत, त्यामुळे मी शेडमधूनच डगला आणि जाळी चढवून गाडी काढते. हॅफनरला माश्यांची भीती वाटते. तो चौकीच्या बाहेर येत नाही, खिडकीतून हात काढतो. मी हातमोजा घातलेल्या हाताने बाटली देते. तो टोपीला हात लावतो, हवामानाबद्दल बोलतो, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. दोन वर्षं हे चाललंय. मला "मधवाली बाई" म्हणतो. नाव कधी विचारलं नाही. जाळीतून त्याला चेहरा दिसत नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, एक तरी माणूस इथे माझ्याशी माणसासारखं बोलतो.

त्या दिवशी गुडघ्यांवर बसल्या बसल्या मी त्याला म्हटलं, "अहो, ती मधवाली बाई मीच." तर म्हणाला, "मधवाली बाई माझ्या ओळखीची आहे. फार सभ्य बाई आहे. तिचं नाव घेऊ नकोस."

आता आवाजाचं ऐक. डगल्यात असताना मी तू शिकवलेल्या, गोऱ्या बाईसारख्या फोनच्या आवाजात बोलते. सवयच लागली आहे. त्या दिवशी घाबरले, आणि तोंडातून घरचा आवाज आला, तुझ्या ओसरीवरचा. तो त्याने ओळखला नाही. कसा ओळखणार? त्याला तो आवाज मी कधी ऐकवलाच नव्हता.

तक्रार केली. तक्रारीचं दालन पोलीस ठाण्याच्या शेजारीच आहे, मध्ये एक दार, आणि कॉफीचं यंत्र दोघांत एक. श्रीमती लिंडक्विस्ट नावाच्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी विचारलं. तुझं भाकीत तिथपर्यंत तंतोतंत. मग म्हणाल्या, "तुम्हाला तसं *वाटलं*, हे मी समजू शकते."

"वाटलं नाही. झालं."

"अर्थात. तुम्ही त्या वेळी काय घातलं होतं?"

"जीन्स आणि शर्ट."

"म्हणजे संशोधकासारखं काही नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. निघताना दारापर्यंत आल्या आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या की हॅफनर मुळात फार प्रेमळ माणूस आहे, तिथे मध देणारी एक बाई येते, तिला विचारा हवं तर.

मी मान वळवून बाहेर पडले. हसू आलं असतं, किंवा दुसरं काही.

पेट्यांकडे कोणी बघत नाहीये. माश्या दाटल्या की राणी घेऊन उडून जातात. रोज सकाळी मी तारेच्या कुंपणाबाहेरून बघते.

डेल्फीन

•

बेथेल क्रॉसिंग
२६ जून १९९७

डेल्फीन,

तुझं पत्र वाचून मी भांडी घासायला गेले, कारण काहीतरी आपटायला हवं होतं.

माँटगोमेरीतल्या त्या मोठ्या दुकानात मी फोनवर ऑर्डरी घ्यायचे, हे तुला माहीत आहे. कशी लागले ते माहीत नाही. मी तिथे लादी पुसायला होते. एकदा कोणीच फोन उचलेना, म्हणून मी उचलला. मालकाने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला गोदामाशेजारच्या खोलीत बसवलं, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. मोठमोठ्या घरच्या गोऱ्या बायका फोनवर मला विचारायच्या, "चेहऱ्याला कुठली टोपी शोभेल हो?" मी सांगायचे. त्या ऐकायच्या. आणि त्याच दुकानात एखादी टोपी डोक्यावर घालून बघायची मला परवानगी नव्हती. काळ्या बाईच्या केसांना लागली तर ती विकली जात नसे म्हणे.

त्या बायका काळ्या लोकांबद्दल माझ्याशी काय काय बोलायच्या ते मी तुला कधी सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. मी "हो मॅडम" म्हणायचे. त्या आवाजावर तुझ्या आईची शाळा झाली आणि तुझीही. म्हणून तुला तो शिकवला. ते हत्यार आहे, पोरी, दागिना नाही.

तूच मागे लिहिलं होतंस, पहारेकरी माशी परकीला हुंगून हाकलते, पण परकी मध घेऊन आली तर गुपचूप आत सोडते. तुझा हॅफनर त्याच जातीचा. माश्या निदान कॉफी तरी पीत नाहीत.

आता नीट ऐक. बंदी कोणाला आहे? डेल्फीन बर्टनला. डगल्याला आहे का? मधवाल्या बाईला आहे का? मग तक्रार मागे घे, जाळी घाल आणि कामावर जा. त्यांना ओळखायचंच नाही तर आपण कशाला ओळख द्यायची?

हे पत्र वाचून झालं की जाळ.

व्हर्लीन मावशी

•

प्रेअरी फॉर्क
२ ऑगस्ट १९९७

मावशी,

पत्र जाळलं नाही. पण अर्धं ऐकलं. तक्रार मागे घेतली नाही, आणि तुझं पत्र आल्यापासून रोज गेटमधून आत जाते आहे.

पहिल्या दिवशी गाडी गेटपाशी नेली. हॅफनरने खिडकीतून हात काढला. "कुठे होतात इतके दिवस? आई सारखी विचारते." मी तुझ्या आवाजात म्हटलं, "तब्येत बरी नव्हती." ज्याने मला शेतावर बंदी घातली, तोच मला सलाम करून शेतावर सोडतो. मावशी, या उन्हाळ्यात मी जितकी हसले तितकी आयुष्यात हसले नाही, आणि त्यातलं एकही हसू चांगलं नव्हतं.

पेट्या वाचल्या. एक थवा गेला, बाकीच्या धडधाकट आहेत. निरीक्षणं व्यवस्थित चालली आहेत. प्राध्यापक स्टूरना दाखवली. त्यांनी ती कुठून आली ते विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पण काल हॅफनर म्हणाला, "बाई, एक उपकार करा. त्या दिवशी तुमच्या पेट्यांपाशी एक मुलगी घुटमळत होती, तुम्हाला सांगितलं का? मी तुमच्या माश्या वाचवल्या आणि तिने उलट माझ्यावर गोरा-काळा केल्याची तक्रार केली. सप्टेंबरात सुनावणी आहे. तुम्ही येऊन दोन शब्द सांगाल? मी कसा आहे ते?"

मी म्हटलं, "तिचं नाव काय?"

"काहीतरी फ्रेंच होतं. यांची नावं अशीच असतात."

मी म्हटलं, "येईन."

मला माहीत आहे तू काय म्हणशील. तिथे जाळी काढली तर बंदी मोडल्याची कबुलीच. विद्यापीठातून काढूनही टाकतील. नाही काढली तर प्रबंध पुरा होतो, पदवी मिळते, आणि जन्मभर मला माहीत असेल की ती मधवाल्या बाईला मिळाली.

डेल्फीन

•

बेथेल क्रॉसिंग
९ ऑगस्ट १९९७

डेल्फीन,

जाऊ नकोस. गेलीस तर बोलू नकोस. बोललीस तर जाळी काढू नकोस.

तुझी आई गेली तेव्हा मी तिचा हात धरून म्हटलं होतं, पोरीला कमी पडू देणार नाही. आजवर पडू दिलं नाही. एवढा उन्हाळा काढलास, काठावर आली आहेस, आणि आता स्वतःच्या हाताने होडी बुडवणार? कोणासाठी? ज्याला तुझं नाव लक्षात ठेवता येत नाही त्याच्यासाठी?

मी तीस वर्षं त्या आवाजात बोलले आणि मेले नाही. घरी आले की चप्पल काढावी तसा तो दारात काढून ठेवायचे. तूही शीक.

मी घाबरले आहे. ते सरळ लिहिते, म्हणजे तुला नंतर वाटायला नको की मी नुसती रागावले होते.

मावशी

•

प्रेअरी फॉर्क
२० सप्टेंबर १९९७

मावशी,

मी काढली.

क्रमाने सांगते. सुनावणीला मी थेट शेतावरून गेले, डगला, जाळी, हातमोजे, सगळ्यासकट. कोणी मला अडवलं नाही. उलट एकाने दार उघडून धरलं. टेबलामागे अध्यक्ष, दोन सभासद आणि श्रीमती लिंडक्विस्ट. तक्रारदाराची खुर्ची रिकामी. मी साक्षीदारांच्या बाकावर हॅफनरशेजारी बसले. सगळे माझीच वाट बघत होते, मावशी, आणि मी त्यांच्यासमोर बसून होते. लिंडक्विस्टबाईंनी घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "हे असंच असतं. तक्रार करतात आणि येत नाहीत."

मग अध्यक्ष म्हणाले, निदान साक्षीदाराला तरी ताटकळत ठेवू नये. त्यांनी मला विचारलं, "या अधिकाऱ्याचं तुमच्याशी वागणं कसं आहे?"

मी तुझ्या आवाजात म्हटलं, "अतिशय नम्र. मला बघून टोपीला हात लावतात. आईसाठी मध नेतात."

हॅफनरचे कान लाल झाले. सगळे कौतुकाने हसले.

"नोंदीसाठी आपलं नाव?"

"डेल्फीन बर्टन."

अध्यक्षांनी कागद पाहिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "ते तक्रारदाराचं झालं, बाई. तुमचं सांगा."

तेव्हा मी जाळी काढली. मग हातमोजे. आणि घरच्या आवाजात म्हटलं, "दोघींचं एकच आहे. एकीला सलाम मिळतो आणि एकीला गुडघ्यांवर बसवतात. मधल्या जाळीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

लिंडक्विस्टबाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. हॅफनर माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवरच्या टोपीकडे बघत होता, जणू ती मधवाली बाई तिथे आत असेल. मला त्याची कीव येईल असं वाटलं होतं. आली नाही.

काल निकाल आला. एक वाक्य जसंच्या तसं उतरवते: "साक्षीवरून असे दिसते की सदर अधिकाऱ्याचे तक्रारदाराशी दोन वर्षे स्नेहाचे संबंध असून तो तिचा आदर करत असे, सबब वर्णभेदाचा प्रश्न उद्भवत नाही."

पुन्हा वाच. मीही पुन्हा वाचलं.

बंदी उठवली, कारण मधवाल्या बाईला शेतावर जायला परवानगी आधीपासूनच होती. बंदी मोडल्याची मला लेखी ताकीद. हॅफनरला काही नाही. काढून टाकलं नाही, बहुधा त्यासाठी मी कोण हे पक्कं ठरवावं लागलं असतं. प्रबंध पुरा होईल. तू आता श्वास घे.

आज सकाळी डगला सीटवर ठेवून, उघड्या तोंडाने गाडी गेटपाशी नेली. "गुड मॉर्निंग, हॅफनर." त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मग खिडकीतून हात काढून म्हणाला, "ओळखपत्र."

डेल्फीन

•

बेथेल क्रॉसिंग
२९ सप्टेंबर १९९७

डेल्फीन,

निकाल मी तीनदा वाचला आणि चौथ्यांदा बर्निसला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे बुरख्यातल्या उंदराला मांजराने खाल्लं नाही, म्हणून मांजर शाकाहारी?" त्या बाईशी मी इतकी वर्षं उगाच भांडले.

मी तुला गप्प बस म्हणाले होते. तू ऐकलं नाहीस, आणि तुझं पत्र आलं त्या रात्री मला छान झोप लागली. यापुढे त्याबद्दल बोलायचं नाही.

काल मी तुमच्या गेटवरच्या चौकीत फोन लावला. खूप दिवसांनी तो आवाज बाहेर काढला. गंज चढला असेल वाटलं होतं, पण नव्हता. हॅफनरनेच उचलला.

मी म्हटलं, "माझी भाची तुमच्याकडे शिकते. शनिवारी दुपारच्या बसने मी तिला भेटायला येतेय. माझं वय झालंय, गुडघे धड नाहीत, सामान जड आहे."

"मॅडम, अजिबात काळजी करू नका. मी स्वतः गेटवर उभा राहीन. तुमची पिशवी मी उचलेन. माझ्या आईचे गुडघेही असेच आहेत."

"पण तुम्ही मला ओळखणार कसं?"

तर हसला, डेल्फीन. इतकं गोड हसला. म्हणाला, "मॅडम, आवाजावरूनच कळतं तुम्ही कोणत्या घरातल्या आहात ते. गर्दीतही ओळखीन."

नाव त्याने विचारलं नाही. नाव विचारायची त्याला सवयच नाही.

मी माझी जांभळी टोपी इस्त्रीच्या वाफेवर धरून सरळ केली आहे. ती त्याच माँटगोमेरीच्या दुकानातली, ज्या दिवशी नियम बदलला त्या दिवशी डोक्यावर घालून, आरशात सगळ्या बाजूंनी बघून घेतलेली. पिशवीत मुरंबा आहे, मक्याचं पीठ आहे, आणि मधासाठी रिकाम्या बाटल्या आहेत. त्या तुझ्यासाठी, त्याच्यासाठी नाहीत. त्याच्याकडे अडकलेल्या परत माग. माणूस दुसऱ्याची बाटली रिकामीसुद्धा परत करत नाही, तेव्हाच मला त्याचं घराणं कळलं होतं.

शनिवारी गेटपाशी ये. डगला घालू नकोस. मी पिशवी पायाशी ठेवून त्याच्या अगदी समोर उभी राहणार आहे, आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. आपण दोघी बघू, तो माझ्या डोक्यावरून किती वेळ मला शोधतो.

व्हर्लीन मावशी